सिम्युलेशन वापरून कार्बन चक्र नी हवामान बदल शिकवताय? आधी हा क्रम बघा

फेट या संकेतस्थळावरचं सिम्युलेशन (थोडक्यात सिम, म्हणजे बटणं नी स्लायडर हलवून बघता येणारा स्क्रीनवरचा प्रयोग) प्रोजेक्टरवर लावायचं, स्लायडर आपणच सरकवायचा, तापमापी वर चढली की "बघा, पृथ्वी तापली" म्हणायचं नी तास संपवायचा, हे मी सलग दोन वर्षं केलंय. मुलं खूश, "बाई लय भारी होतं" म्हणाली. नंतर चाचणीचे पेपर तपासायला घेतले तर एकामागून एक पेपरात तेच, ओझोनला भोक पडलं, त्यातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते. म्हणजे मुलांनी सिम बघितलं पण डोक्यातलं आधीचं चित्र तसंच्या तसं राहिलं. मग इतर शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी बोलत गेले तर सगळीकडे थोड्याफार फरकानं हीच गोष्ट.

चूक सिमची नाही, क्रमाची आहे. आपण थेट तापमानावर जातो, पण तो कार्बन आला कुठून, गेला कुठं, हवेत किती उरला हा हिशोब मुलांनी केलेलाच नसतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात हिशोब आधी आणि तापमान नंतर. आठवी ते दहावीसाठी आहे, अकरावीला थोडं वाढवून चालतं. साधारण चार तास लागतात, जोड तास मिळाला तर उत्तम.

## तयारी (ही वर्गाच्या आदल्या आठवड्यात, आदल्या रात्री नाही)

काय काय लागेल ते आधी बघू.

फेटची दोन सिम. एक 'मॉलिक्यूल्स अँड लाइट' आणि दुसरं 'ग्रीनहाउस इफेक्ट'. ही अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसनं बनवलेली आहेत नी फुकट आहेत. सिमच्या पानावर डाउनलोडचं चिन्ह असतं, त्यातून एकच एचटीएमएल फाइल उतरते आणि ती नेट नसताना पण ब्राउझरमध्ये उघडते. ही गोष्ट खूप शिक्षकांना माहीत नसते, ते वर्गात वायफायची वाट बघत बसतात नी तासातली दहा मिनिटं तिथंच जातात. पानावर भाषांतरांची यादी असते, त्यात मराठी आहे का ते प्रत्येक सिमसाठी वेगवेगळं बघून घ्या. जुनी जावावाली आवृत्ती कुणी पेनड्राइव्हवर दिली तर घेऊ नका, मोबाइलवर चालत नाही.

एन-रोड्स, म्हणजे कुठला उपाय केला तर २१०० पर्यंत पृथ्वी किती तापेल ते दाखवणारं मॉडेल. क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि एमआयटी स्लोन यांनी मिळून केलेलं आहे. ब्राउझरमध्ये चालतं, पैसे नाहीत, पण नेट लागतं. शाळेत नेट नसेल तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट नी एक प्रोजेक्टर एवढ्यावर भागतं.

एक रिकामी स्प्रेडशीट. कॉम्प्युटर नसेल तर फळ्यावर तक्ता आणि दोन कॅल्क्युलेटर.

पाचशेक चिंचोके आणि सहा वाट्या किंवा डबे. चिंचोके नसतील तर हरभरे घ्या, पण मोजायला सोपं नी हातातून न घरंगळणारं काहीतरी हवं.

को-या कागदांचे अर्धे तुकडे, प्रत्येक मुलाला तीन.

मोबाइल किंवा कॉम्प्युटर तिघांत एक पुरतो, खरं तर तिघांत एकच असावा. प्रत्येकाच्या हातात वेगळा मोबाइल दिला की बोलणं बंद होतं नी जो तो आपापला खेळत बसतो.

> तपासा: दोन्ही फेट सिम मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून उघडून बघितली का? ज्या ब्राउझरवर मुलं उघडणार त्याच ब्राउझरवर?

> सावधान, एककं: काही ठिकाणी टन कार्बन लिहिलेलं असतं, काही ठिकाणी टन कार्बन डायऑक्साइड. कार्बनला ३.६७ नं गुणलं की कार्बन डायऑक्साइडचं वजन येतं (४४ भागिले १२). म्हणजे जीवाश्म इंधनातून दरवर्षी साधारण १० अब्ज टन कार्बन जातो म्हटलं काय नी ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जातो म्हटलं काय, एकच गोष्ट. फळ्यावर एका कोप-यात हे लिहून ठेवा आणि चारही तास पुसू नका. या लेखात मी सगळीकडे कार्बन धरलाय.

## टप्पा १: मुलांच्या डोक्यात आत्ता काय आहे ते कागदावर उतरवून घ्या

पंधरा मिनिटं. तीन कागद, तीन प्रश्न, नाव टाकायला सांगा पण मार्क नाहीत हे पण स्पष्ट सांगा.

१. पृथ्वी तापते ती कशी? चित्र काढा, सूर्य, पृथ्वी, मध्ये काय, बाणांनी दाखवा.

२. चिंचेचं रोप लावलं, वीस वर्षांनी त्याचं भलंमोठं झाड झालं. त्या लाकडाचं एवढं वजन आलं कुठून?

३. फळ्यावर एक आलेख काढा, आडवी रेष वर्षं, उभी रेष दरवर्षीचं उत्सर्जन. आजपर्यंत वर चढत आलेली रेष काढा आणि आजपासून पुढं ती सरळ आडवी करा, म्हणजे उत्सर्जन आज आहे तेवढ्यावरच थांबलं, वाढलं नाही, कमी पण झालं नाही. आता मुलांनी त्याच्या खाली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची रेष पुढं कशी जाईल ती काढायची.

दुस-या प्रश्नाला बहुतेक मुलं "मातीतून" किंवा "पाण्यातून" लिहितात, हवेतून असं लिहिणारी एखादीच. ज्या मुलाला लाकूड हवेतून बनतं हेच पटलेलं नाही त्याच्यासाठी कार्बन चक्र म्हणजे पुस्तकातल्या बाणांचं चित्र, बाकी काही नाही. तिस-या प्रश्नात बहुतेक जण आडवी रेष काढतात. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, एमआयटीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना असलाच प्रश्न दिला तेव्हा त्यांच्यातल्या बहुतेकांनी पण चूकच केली होती.

> सावधान: इथं उत्तर सांगू नका. जीभ चावा पण सांगू नका. कागद गोळा करा, पिशवीत ठेवा, शेवटच्या तासाला लागणार आहेत. मुलं "बाई बरोबर काय" म्हणून मागं लागतात, तेव्हा "तुम्हीच शोधून काढणार आहात" एवढंच.

## टप्पा २: चिंचोक्यांचा हिशोब (हा टप्पा वगळलात तर पुढचं सगळं पोकळ)

हे पण सिम्युलेशनच आहे, फक्त हातानं चालणारं. एक चिंचोका म्हणजे १० अब्ज टन कार्बन. वाट्या अशा लावा (आकडे गोल केलेत, मोजायला सोपे जावेत म्हणून):

- हवा: ६० चिंचोके (कारखानदारी वाढायच्या आधीची हवा, साधारण २८० पीपीएम. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये इतके रेणू)
- झाडंझुडपं: ४५
- माती: १७०
- समुद्राचा वरचा थर: ९०
- कोळसा, तेल, गॅस: उरलेले सगळे, झाकण लावलेल्या डब्यात
- खोल समुद्र: इथं ३७०० लागतील, एवढे कुठून आणणार, म्हणून रिकाम्या डब्यावर आकडा लिहून ठेवा. मुलं त्या आकड्याकडे बघत राहतात, बघू द्या

आता गट वाटा. एक गट प्रकाशसंश्लेषण, एक श्वसन नी कुजणं, एक समुद्र, एक इंधन जाळणारा, नी एक गट फक्त दर फेरीला हवेची वाटी मोजून फळ्यावर लिहिणारा.

फेरी अ, डबा बंद. दर फेरीला म्हणजे दर वर्षाला प्रकाशसंश्लेषणवाले हवेतून १२ उचलून झाडांच्या वाटीत टाकतात, श्वसनवाले झाडं आणि माती मिळून १२ परत हवेत टाकतात. समुद्रवाले हवेतून ८ घेतात, ८ परत देतात. (कुजायला झाडांची पानं मातीत पडायला लागतात, मुलांनी हे विचारलं तर झाडांच्या वाटीतून ६ मातीत टाका नी तिथून परत न्या, विचारलं नाही तर गुंतागुंत वाढवू नका.) पाच फे-या करा. हवेत किती? ६०, ६०, ६०, ६०, ६०. मुलांना कंटाळा येतो. येऊ दे, तो कंटाळाच शिकवायचा आहे, वीस चिंचोके दरवर्षी इकडून तिकडे गेले तरी वाटीतला आकडा जागचा हलत नाही.

फेरी ब, डबा उघडा. आता इंधनवाला गट दर फेरीला फक्त एक चिंचोका डब्यातून काढून हवेत टाकेल. आजचं माणसाचं एकूण उत्सर्जन, जंगलतोड धरून, साधारण ११ अब्ज टन कार्बन आहे म्हणजे एक चिंचोका नी थोडं वर. आणि नियम असा की दर दोन फे-यांनी त्यातला एक चिंचोका हवेतून काढून एकदा समुद्रात, एकदा झाडामातीत टाकायचा, कारण प्रत्यक्षात माणसानं सोडलेल्या कार्बनपैकी निम्म्याच्या आसपास जमीन नी समुद्र शोषून घेतात, बाकीचा हवेत साचतो.

सुरू करण्यापूर्वी थांबा नी विचारा, वीस नैसर्गिक, माणसाचा फक्त एक, तर काय फरक पडेल? हात वर करायला लावा. "काही नाही पडणार" वाले भरपूर असतात आणि मोठी माणसं पण हेच बोलतात, निसर्गच एवढा कार्बन सोडतो तर माणसाचं काय एवढं. मग वीस फे-या पळवा. हवेची वाटी ६० वरून ७० वर. साठ फे-या झाल्या असत्या तर ९०, नी आजची हवा खरोखर तितकीच भरलीय, ४२० पीपीएमच्या वर, म्हणजे साधारण ९० चिंचोके.

वीस जातात नी वीस येतात, ते एकमेकांत फिटतात, हा एकटा एक फिटत नाही. हे वाक्य मी सांगत नाही, कुणीतरी मूल स्वतःच्या शब्दात बोलतंच, वाट बघा.

मागं एकदा एका मुलानं विचारलं होतं, बाई, आमच्या वावरात उसाचं पाचट जाळतात तेव्हा पण कार्बन हवेत जातो, मग तो कुठल्या डब्यातला? फार चांगला प्रश्न होता, तो मी तेव्हापासून दर वर्गात स्वतःच विचारते. पाचटातला कार्बन त्या उसानं त्याच वर्षी हवेतून घेतला होता, तो झाडांच्या वाटीतून हवेत परत गेला, पुढचा ऊस परत उचलेल. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं झाकणाच्या आत होता. पाचट जाळल्यानं माती बिघडते, धूर छातीत जातो, ते वाईटच, पण हिशोबात ते दुस-या रकान्यात जातं. हा फरक कळला की समजा कार्बन चक्र कळलं.

> तपासा: कुठल्याही मुलाला विचारा, सगळ्या वाट्यांतले मिळून चिंचोके वाढले का? "नाही, फक्त जागा बदलली" हे उत्तर सहज यायला पाहिजे. येत नसेल तर पुढं जाऊ नका, अजून पाच फे-या करा.

## टप्पा ३: रेणू आणि किरण

आता पहिलं फेट सिम, मॉलिक्यूल्स अँड लाइट. सुरुवातीला पाच मिनिटं मुलांना हवं ते दाबू द्या. ही पाच मिनिटं वाया जात नाहीत, ती दिली नाहीत तर पुढचा सगळा तास मुलं तुमचं ऐकता ऐकता चोरून बटणं दाबत राहतात.

मग कृती, प्रत्येक वेळी आधी अंदाज वहीत, मग दिवा चालू:

१. इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त दिवा, समोर नायट्रोजनचा रेणू. काय होईल? (किरण सरळ पार जातात.)

२. तोच दिवा, ऑक्सिजन. (तेच.) इथं थांबून आठवण करून द्या की हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे, म्हणजे जवळजवळ सगळी हवा या किरणांना आडवीच येत नाही.

३. तोच दिवा, कार्बन डायऑक्साइड. रेणू थरथरतो नी किरण पुन्हा सोडतो, पण कुठल्याही दिशेला. मुलांना पाच वेळा मोजायला लावा कुठल्या दिशेला गेला. हे महत्त्वाचंय, कारण नंतरच्या सिममध्ये "खाली परत येणारे किरण" येतात ते इथून.

४. दिवा बदला, अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील. समोर कार्बन डायऑक्साइड, मग ओझोन. कार्बन डायऑक्साइडला काही होत नाही, ओझोन तुटतो.

ही चौथी पायरी म्हणजे त्या ओझोनच्या भोकावरचा उपाय. ओझोनचं काम अतिनील किरणांशी, कार्बन डायऑक्साइडचं अवरक्त किरणांशी, दोन वेगळे दिवे, दोन वेगळ्या गोष्टी. नुसतं तोंडानं दहा वेळा सांगून जे झालं नव्हतं ते मुलांनी स्वतः दिवा बदलल्यावर झालं. एखादं हुशार मूल ओझोनला अवरक्त दिव्यासमोर पण ठेवून बघेल नी सांगेल की बाई हा पण थरथरतो. बरोबर आहे, ओझोन हा हरितगृह वायूसुद्धा (म्हणजे अवरक्त किरण घेऊन परत सोडणारा वायू) आहे. दडपू नका, सांगा, पण भोकाचा विषय वेगळाच आहे हे पण सांगा.

> चूक जी नेहमी होते: सगळे रेणू, सगळे दिवे, मोठा तक्ता भरायला देणं. तक्ता भरण्यात मुलं इतकी बुडतात की काय बघितलं ते विचारलं तर सांगता येत नाही. वरच्या चार जोड्या पुरेत.

## टप्पा ४: आता तापमान

ग्रीनहाउस इफेक्ट सिममधला 'फोटॉन्स'वाला भाग उघडा. 'लेयर मॉडेल'वाला भाग नववी-दहावीला उघडू नका, अकरावीला ठीक.

१. वायूंचा स्लायडर पूर्ण खाली, म्हणजे हरितगृह वायू शून्य. अंदाज लिहा, तापमान किती राहील?

२. सूर्यप्रकाश सुरू करायचं बटण दाबा (हे दाबायचं राहतं नी मग "बाई चालत नाही" सुरू होतं). पिवळे ठिपके सूर्यप्रकाश, लाल ठिपके अवरक्त. काटा स्थिर होईपर्यंत हात न लावता थांबा. हरितगृह वायू नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आज ते साधारण १५ आहे. म्हणजे हरितगृह परिणाम मुळात शत्रू नाही, तो नसता तर आपण नसतो. बरीच मुलं "हरितगृह परिणाम म्हणजे प्रदूषण" असं धरून बसलेली असतात, इथं ते सुटतं.

३. एनर्जी बॅलन्सचा चौकोन टिक करा. आत येणारी ऊर्जा, बाहेर जाणारी ऊर्जा, दोन्हीतला फरक दिसतो. आता स्लायडर हळूहळू वर. आधी काय बदलतं, बाण की तापमापी? मुलांना हे दोनदा तीनदा करून बघू द्या. आधी बाहेर जाणारी ऊर्जा कमी होते, मग जमीन तापायला लागते, तापली की जास्त अवरक्त सोडते, आणि शेवटी आत-बाहेर पुन्हा सारखं होतं पण आता वरच्या तापमानाला.

४. बर्फयुग, १७५०, १९५०, २०२० अशी वर्षं निवडता येतात. ती शेवटी, दोन मिनिटांत.

> सावधान: लाल ठिपके बघून मुलं समजतात की अवरक्त किरण लाल रंगाचे असतात, किंवा ते ठिपके म्हणजे कार्बन डायऑक्साइडच. दोन्ही स्पष्ट करा. आणि "वायू किरणांना कोंडून ठेवतात" हा शब्द टाळा, कोंडून ठेवत नाहीत, घेतात नी परत सोडतात, वर पण, खाली पण.

नेटलोगो या मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं 'क्लायमेट चेंज' मॉडेल वापरणारे शिक्षक पण आहेत, चांगलं आहे, मोबाइलवर जरा अवघड जातं. ते वापरलंत तर एकच गोष्ट पाळा, कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर आलेख स्थिर होईपर्यंत चालू द्या. मुलं दहा सेकंदांत आकडा लिहून मोकळी होतात नी मग प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं.

## टप्पा ५: गच्चीवरची टाकी

पहिल्या तासाच्या तिस-या प्रश्नाचं उत्तर इथं निघतं आणि माझ्या मते सगळ्या विषयात हाच भाग सर्वात महत्त्वाचा, कारण मोठेपणी बातम्या वाचताना हाच कामाला येणार आहे.

टाकीचं उदाहरण आधी. नळ मोठा सुरू, खाली मोरीतून पाणी जातंय पण कमी. नळ थोडा बारीक केला तर पातळी खाली येईल का? नाही, वाढतच राहील, फक्त हळू. जोपर्यंत येणारं पाणी जाणा-या पाण्यापेक्षा जास्त आहे तोपर्यंत पातळी चढणारच. पाण्याच्या टँकरची वाट बघणा-या घरातल्या मुलांना हे समजवायला एक मिनिट लागतं.

मग स्प्रेडशीट, चार रकाने:

- अ: वर्ष
- आ: त्या वर्षीचं उत्सर्जन, अब्ज टन कार्बन
- इ: हवेत उरलेला, म्हणजे आ गुणिले ०.४५
- ई: पीपीएम, म्हणजे मागच्या ओळीतला पीपीएम अधिक (इ भागिले २.१३)

२.१३ कशाला, तर हवेत एक पीपीएम वाढायला २.१३ अब्ज टन कार्बन लागतो. पहिली ओळ २०२४, पीपीएम ४२४ धरा. उत्सर्जन ११.

> तपासा: ११ टाकल्यावर दरवर्षी साधारण २.३ पीपीएम वाढ आली पाहिजे. २० किंवा ८ असं काही आलं तर कुणीतरी कार्बनच्या जागी कार्बन डायऑक्साइड टाकलंय किंवा भागायचं राहिलंय.

पहिला प्रयोग: उत्सर्जन ११ वर कायम, २०७९ पर्यंत ओढा. मुलांनी आधी आलेख हातानं काढायचा, मग शीटचा. पीपीएम साडेपाचशेच्या आसपास जातो, सरळ चढती रेष. उत्सर्जन "थांबलं" तरी.

दुसरा प्रयोग: दरवर्षी ०.२ नं कमी, म्हणजे २०२५ ला १०.८, पुढं १०.६, असं करत २०७९ ला शून्य. आता विचारा पीपीएम कधीपासून कमी होईल. पुष्कळ मुलं "लगेच" म्हणतात. शीट दाखवते की तो शेवटपर्यंत वाढतच राहतो, फक्त चढ मंद होत जातो, आणि ४८७ च्या आसपास थांबतो.

तिसरा प्रयोग मुलांचा मुलांनी ठरवायचा. मी फक्त एक अट घालते, दोन ओळीत कारण लिहा की हा आकडा का निवडला.

> सावधान, ही शीट काय सांगत नाही: ०.४५ हा आकडा आपण कायम धरलाय, खरा निसर्ग तसा नाही. उत्सर्जन झपाट्यानं कमी झालं तर जमीन नी समुद्र शोषत राहतात नी हवेतलं प्रमाण हळूहळू उतरायला लागतं, शीटमध्ये मात्र ते आडवं राहतं. मुलांना हे सांगा, लपवू नका. प्रत्येक सिमनंतर "यात काय सोडलंय?" हा प्रश्न विचारायची सवय लावा, चिंचोक्यांना पण विचारा.

## टप्पा ६: ख-या नोंदी

सिमवरच थांबलं तर मुलांना वाटतं हे सगळं कॉम्प्युटरातलं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५ पीपीएमच्या आसपास होतं. दर महिन्याचे आकडे नोआ या अमेरिकन संस्थेच्या संकेतस्थळावर उघड आहेत, उतरवून घ्या नी आलेख काढा.

आलेख करवतीसारखा दिसतो, दरवर्षी मे महिन्यात टोक, सप्टेंबर-ऑक्टोबरला खड्डा. कारण विचारलं की आपली मुलं एका सुरात "मे मध्ये उन्हाळा म्हणून". नाही. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथली जंगलं हिवाळाभर निष्पर्ण असतात, तेव्हा श्वसन नी कुजणं चालू पण प्रकाशसंश्लेषण कमी, म्हणून मेपर्यंत साठा वाढत जातो, मग पालवी फुटून झाडं भराभर शोषायला लागतात. चिंचोक्यांच्या खेळातले १२ नी १२ वर्षभरात फिटतात, पण एकाच महिन्यात नाही, हे इथं दिसतं. ज्या गटानं प्रकाशसंश्लेषण केलं होतं त्यांनाच हे समजावून सांगायला लावा.

अशी मोजणी आपल्याकडे पण होते, पुण्याजवळ सिंहगडावर आयआयटीएमनं (पुण्यातली हवामानावर संशोधन करणारी संस्था) २००९ पासून, आणि गोव्यात काबो द रामाला १९९३ पासून हवेचे नमुने घेतले गेलेत. सिंहगड मुलांनी बघितलेला असतो, पिठलंभाकरी खाल्लेली असते, तिथं कार्बन मोजतात म्हटल्यावर वर्ग जागा होतो.

## टप्पा ७: एन-रोड्स, आणि "झाडे लावा"

हे शेवटीच. सुरुवातीला उघडलं तर मुलं स्लायडर टोकाला नेऊन तापमान कमी करण्याची शर्यत लावतात, कळत काहीच नाही.

काहीच न हलवता कोप-यात २१०० सालची तापमानवाढ तीन अंशांच्या वर दिसते. बाजूला पॅरिस करार लिहा, २०१५, त्यात देशांनी ठरवलं की तापमानवाढ दोन अंशांच्या बरंच खाली ठेवायची, जमल्यास दीड.

नियम: एका वेळी एकच स्लायडर, आधी अंदाज, मग हलवा, आकडा लिहा, मूळ जागी परत आणा, मग दुसरा. हे परत आणणं विसरलं जातं नी पुढचे सगळे आकडे बिघडतात, म्हणून प्रत्येक गटात एकाला फक्त तेच काम द्या.

पहिला स्लायडर झाडं लावून कार्बन शोषण्याचा घ्या, मुद्दाम. आपल्या शाळांत पर्यावरणावरच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर झाडे लावा असतं, घोषवाक्य, रांगोळी, प्रभातफेरी सगळीकडे तेच, नी मुलं अंदाज पण तसाच मोठा लिहितात. स्लायडर टोकाला नेला तरी आकडा अगदी थोडा हलतो. वर्ग शांत होतो. आता घाई करू नका, का असं विचारा. उत्तरं मुलांकडूनच येतात: झाड मोठं व्हायला वर्षं लागतात, जागा किती लागेल, वणवा लागला तर परत हवेत, आणि मुख्य म्हणजे डबा उघडाच आहे. मग कोळशाचा स्लायडर, मग कार्बनवर किंमत लावण्याचा, नी तुलना.

इथं जपून. मुलांना "झाडं लावून उपयोग नाही" असं घेऊन घरी जाऊ देऊ नका. सावली, पाणी, पाखरं, माती धरून ठेवणं, यासाठी झाडं हवीतच, आणि कार्बन पण थोडा उचलतातच, पण कोळसा जाळत राहून त्याची भरपाई झाडांनी होत नाही एवढंच. आणि दुसरं, चंद्रपूर, कोराडीकडच्या वर्गात निम्म्या घरांची चूल कोळशावर नाहीतर वीजकेंद्रावर चालते. तिथं कोळसा वाईट असं बोलून मोकळं होणं हे त्या मुलाच्या बापाला वाईट म्हणणं होतं. त्या कामगारांचं पुढं काय, हा प्रश्न पण फळ्यावर लिहा, त्यावर बोलायला वेळ ठेवा. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगली चर्चा तिथंच झालीय.

> सावधान: एन-रोड्स हे भाकीत नाही, "असं केलं तर असं होईल" सांगणारं मॉडेल आहे. आकडे नव्या आवृत्तीत थोडे बदलतात, म्हणून गेल्या वर्षीच्या कृतिपत्रिकेतले आकडे तसेच छापू नका, आदल्या दिवशी उघडून बघा.

## टप्पा ८: ते जुने कागद परत द्या

पहिल्या दिवशीचे तीन कागद ज्याचे त्याला परत. वेगळ्या रंगाच्या पेनानं मुलांनी स्वतःच दुरुस्त करायचे, जुनं खोडायचं नाही, शेजारी लिहायचं. मग एकच नवा प्रश्न, तोंडी नाही, लेखी: *समजा उद्यापासून उत्सर्जन निम्मं झालं, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड पुढच्या वर्षी कमी होईल, तेवढाच राहील की वाढेल, आणि का?*

कारणात टाकी, मोरी, चिंचोके, काहीही आलं तरी चालेल. मात्र इथं नीट बघा, उत्सर्जन निम्मं झालं की ते जमीन-समुद्राच्या शोषणाच्या जवळपास येतं, म्हणून "जवळजवळ तेवढाच राहील" हे उत्तर कारणासकट आलं तर ते बरोबर धरा, आणि शीटवरून "हळू वाढेल" म्हणणारं मूल पण चुकलेलं नाही, त्यानं आपल्याच ०.४५ नं हिशोब केलाय. चुकीचं उत्तर एकच, "निम्मं झालं म्हणजे हवेतलं पण निम्मं होईल". ते अजून दिसलं तर त्या मुलांना घेऊन टप्पा दोनची फेरी ब पुन्हा करा, या वेळी इंधनवाला गट दर दोन फे-यांनी एक चिंचोका टाकेल.